‘सर, सीबीआयची भरती कधी निघते?’

आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत मी दर रविवारी मुलांना परीक्षांचे फॉर्म भरायला मदत करतो. तिथल्या मुलामुलींना पोलीस भरती तोंडपाठ असते. कोणत्या जिल्ह्यात किती जागा, गोळा किती लांब गेला की किती गुण, सोळाशे मीटर किती वेळात, हे सगळं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. एमपीएससीचं पीएसआयही माहीत असतं. त्या पलीकडचं मात्र धुकंच असतं.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं विचारलं, ‘सर, सीबीआयची भरती कधी निघते?’ बीए झालेली, वय चोवीस, रोज पहाटे ग्राउंडवर जाणारी. मी म्हटलं, ‘अगं, सीबीआयची अशी भरती निघतच नाही.’ तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, हेही आपल्यासारख्यांसाठी नाही असंच मी सांगतोय. तसं नव्हतं. दार होतं, फक्त त्यावर सीबीआयची पाटी नव्हती. ते समजावण्यात त्या दिवशी दुपार गेली. तेच इथं लिहितोय, कारण हाच प्रश्न निरनिराळ्या तोंडून मी बरीच वर्षं ऐकतोय.

सुरुवात राज्यघटनेपासून करावी लागते. सातव्या अनुसूचीत ‘पोलीस’ हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. चोरी, मारामारी, खून, फसवणूक यांचा तपास करणं हे राज्याच्या पोलिसांचं काम. केंद्राला देशभर फिरणारं एकच मोठं पोलीस खातं काढता येत नाही. म्हणून केंद्राच्या तपास करणाऱ्या ज्या यंत्रणांची नावं आपण बातम्यांत ऐकतो, त्या प्रत्येकीच्या हातात एखादा ठरावीक कायदा असतो आणि त्या कायद्यापुरतीच तिची सत्ता असते.

गावाकडच्या माणसाला हे वहिवाटीच्या रस्त्यावरून चटकन कळतं. जमीन राज्याची. केंद्राच्या काही यंत्रणांना त्यातून जाण्याचा हक्क कायद्यानंच मिळालाय, तर काहींना मालकाला विचारून जावं लागतं. सीबीआय विचारून जाणाऱ्यांपैकी आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी पुरवठ्याच्या खरेदीत लाचखोरी वाढली, तेव्हा १९४१ मध्ये विशेष पोलीस आस्थापना नावाची तुकडी उभी राहिली. १९४६ मध्ये तिच्यासाठी दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा झाला, आणि १ एप्रिल १९६३ ला केंद्राच्या एका ठरावानं तिचं ‘सीबीआय’ असं बारसं झालं. आजही सीबीआयचे अधिकार त्या १९४६ च्या कायद्यातूनच येतात. त्याचं कलम ६ सांगतं, की राज्याच्या संमतीशिवाय त्या राज्यात तपास करता येणार नाही. बहुतेक राज्यं ‘या, कधीही या’ अशी सरसकट संमती देऊन ठेवतात. महाराष्ट्रानं ती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली होती आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा दिली. मधल्या दोन वर्षांत प्रत्येक नव्या प्रकरणासाठी वेगळी परवानगी लागत होती.

या नियमाला एक अपवाद आहे, तो म्हणजे न्यायालय. उच्च न्यायालय किंवा सर्वोच्च न्यायालय तपास सीबीआयकडे सोपवू शकतं, तिथं राज्याची संमती लागत नाही. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं तसं स्पष्ट केलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला झाला, तपास आधी पुणे पोलिसांकडे होता. मे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो सीबीआयकडे दिला. निकाल लागायला १० मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. या नोकरीत जाणाऱ्यानं अशी एखादी तारखांची रांग डोळ्यांपुढे ठेवावी. आज हातात घेतलेल्या कागदाचा हिशेब दहा वर्षांनी कोर्टात द्यावा लागतो.

एनआयएची, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेची, गोष्ट उलटी आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर महिन्याभरात संसदेनं एनआयएचा कायदा केला. दहशतवाद, बनावट चलन, मानवी तस्करी अशा त्या कायद्याच्या यादीतल्या गुन्ह्यांत केंद्रानं सांगितलं की एनआयए तपास हाती घेते. तिथं राज्याला विचारावं लागत नाही, म्हणजे वहिवाट कायद्यानंच बांधून दिलेली आहे. कसाबच्या खटल्याचा तपास मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं केला होता, पण याच हल्ल्यामागच्या हेडली आणि राणा यांच्या कटाचं प्रकरण एनआयएकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणलं गेलं ते त्याच प्रकरणात.

बाकीच्या यंत्रणांबद्दल थोडक्यात सांगतो. ईडीकडे, म्हणजे अंमलबजावणी संचालनालयाकडे, काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा २००२ चा कायदा आणि परकीय चलनाचा कायदा आहे. यातल्या पहिल्या कायद्याखाली ईडी स्वतःहून कुणाच्याही मागे लागू शकत नाही. त्या कायद्याच्या यादीतला एखादा मूळ गुन्हा आधी कुठेतरी दाखल असावा लागतो, आणि त्यातून आलेल्या पैशाचा माग ईडी काढते. एनसीबी अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा चालवते. कस्टम्स आणि महसूल गुप्तचर संचालनालय तस्करी पाहतात. आयबी हा केंद्राचा गुप्तचर विभाग, ती माहिती गोळा करते आणि तिला अटकेचा अधिकार नाही. त्यामुळे ‘आयबीत जाऊन गुन्हेगार पकडणार’ असं कुणी म्हणालं की मी त्याला थांबवतो. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी ही सशस्त्र दलं आहेत. सीमा, बंदोबस्त, निवडणुका, नक्षलग्रस्त भाग, मुंबईचं विमानतळ, तारापूरचं अणुवीज केंद्र, हे त्यांचं काम. गुन्ह्याचा तपास करून दोषारोपपत्र दाखल करणं हे त्यांच्याकडे नसतं. ‘केंद्रात जायचंय’ असं म्हणणाऱ्या मुलाला म्हणूनच मी पहिल्यांदा एकच विचारतो: तुला तपास करायचाय की पहारा द्यायचाय? दोन्ही कामं मोलाचीच, पण त्यांची दारं वेगळी आहेत, आणि एकाच्या तयारीनं दुसऱ्यात गेलेला माणूस आयुष्यभर अवघडलेला राहतो.

आता दाराकडे येऊ. सीबीआयचा सब-इन्स्पेक्टर ‘एसएससी सीजीएल’ या पदवीधरांच्या परीक्षेतून निवडला जातो. हे एसएससी म्हणजे दहावी नव्हे, कर्मचारी निवड आयोग. गावात हा गोंधळ इतका होतो, की एका पोराच्या वडिलांनी त्याला विचारलं होतं, ‘पदवी झाली, आता परत एसएससी कशाला?’ या आयोगाचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत महर्षी कर्वे रस्त्यावर प्रतिष्ठा भवनात आहे, आणि महाराष्ट्र, गोवा, गुजरात त्याच्याखाली येतात. सीजीएलच्या एकाच जाहिरातीत कितीतरी खात्यांची पदं असतात. आयकर निरीक्षक, कस्टम्सचा पांढऱ्या गणवेशातला प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर, ईडीचा सहायक अंमलबजावणी अधिकारी, एनआयएचा आणि एनसीबीचा सब-इन्स्पेक्टर, आणि त्यांच्याच रांगेत सीबीआयचा सब-इन्स्पेक्टर. परीक्षा एकच असते. कोणतं पद हवं त्याचा पसंतीक्रम आपण भरायचा आणि गुणवत्ता यादीप्रमाणे पद मिळतं. आमच्या भागातली कितीतरी मुलं ही जाहिरात ‘टॅक्सवाल्यांची’ समजून बाजूला ठेवतात, म्हणून मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

पात्रता कोणत्याही शाखेची पदवी. सीबीआय सब-इन्स्पेक्टरसाठी वय २० ते ३०. इतर मागासवर्गीयांना ३ वर्षं आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं सवलत. उंची मुलांना १६५ सेंटीमीटर, मुलींना १५०. एनआयएला मुलांची उंची १७० लागते. सीबीआयच्या या पदाचा मूळ पगार ४४,९०० रुपयांपासून सुरू होतो, त्यावर महागाई आणि घरभाडं भत्ता वेगळा. एनआयए आणि एनसीबीच्या सब-इन्स्पेक्टरचा ३५,४०० पासून. आकडे आणि अटी बदलत असतात, म्हणून फॉर्म भरताना त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचावी. सीजीएलची जाहिरात भली मोठी असते, आणि नेमकं आपल्या कामाचं कलम मागच्या परिशिष्टात दडलेलं असतं.

परीक्षेचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात एका तासात १०० प्रश्न, २०० गुण, आणि तो फक्त चाळणीसाठी. खरी निवड दुसऱ्या टप्प्यात होते. सर्व पदांना सामायिक असलेल्या पेपरात गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान मिळून ३९० गुण धरले जातात, संगणकाचा भाग फक्त उत्तीर्ण व्हावा लागतो. या ३९० पैकी १३५ गुण इंग्रजीचे आहेत. एक तृतीयांशाहून जास्त. एमपीएससीच्या तयारीतून इकडे वळणारी मुलं इतिहास-भूगोलात जोरदार असतात, पण गणिताच्या वेगात आणि या १३५ गुणांत मागे पडतात. प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. मराठी माध्यमाचा मुलगा हिंदी वाचतो, त्यामुळे गणित-बुद्धिमत्तेत अडत नाही. इंग्रजीला मात्र पर्याय नाही. यावर माझं मत ठाम आहे. सहा महिने सामान्य ज्ञानाची जाडजूड पुस्तकं वाचण्यापेक्षा रोज एक तास इंग्रजी उतारे सोडवावेत. बोलायला येत नाही म्हणून घाबरू नये, इथं बोलून दाखवायचं नसतं. वाचून कळलं पाहिजे आणि व्याकरणातली चूक ओळखता आली पाहिजे. चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली वर्षभरात हे येतं, मी येताना पाहिलंय.

दुसरं दार ‘एसएससी सीपीओ’चं. दिल्ली पोलीस आणि सशस्त्र दलांचे सब-इन्स्पेक्टर इथून जातात. वय फक्त २० ते २५. ग्राउंडवर रोज घाम गाळणाऱ्या मुलांसाठी ही परीक्षा सोयीची आहे. मुलांना १०० मीटर १६ सेकंदांत आणि १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत धावायचं असतं, मुलींना १०० मीटर १८ सेकंदांत आणि ८०० मीटर चार मिनिटांत. शिवाय लांब उडी, उंच उडी आणि मुलांना गोळाफेक. याचा दुसरा लेखी पेपर मात्र अख्खाच्या अख्खा इंग्रजीचा, २०० गुणांचा. म्हणजे तीच वाट पुन्हा इंग्रजीच्या अंगणातून जाते.

याच दलांत अधिकारी म्हणून, असिस्टंट कमांडंट पदावर, जायचं तर यूपीएससीची सीएपीएफ परीक्षा असते. तिथंही वयाची मर्यादा २५ चीच. दहावी झालेल्यांसाठी शिपाईपदाची ‘एसएससी जीडी’, वय १८ ते २३, मूळ पगार २१,७०० पासून, मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत. २०२४ पासून जीडीची परीक्षा मराठीतूनही देता येते, आणि माझ्या दृष्टीनं अलीकडच्या काळातला मराठी मुलांसाठीचा तो सर्वांत मोठा बदल आहे. लातूर आणि नांदेडजवळचं मुदखेड इथं सीआरपीएफची प्रशिक्षण केंद्रं आहेत. तिथल्या गावांनी देशभरातली भरती झालेली पोरं पाहिलेली आहेत.

आयपीएस होऊन प्रतिनियुक्तीवर सीबीआय किंवा एनआयएत जाणं, हा यूपीएससीचा राजमार्ग सर्वांना माहीत आहे, त्यावर मी जास्त बोलत नाही. प्रतिनियुक्ती फक्त आयपीएस अधिकाऱ्यांचीच होते असं मात्र नाही. राज्य पोलिसांतले शिपाई, हवालदार, निरीक्षकही ठरावीक वर्षांसाठी या यंत्रणांत जातात. म्हणजे आज महाराष्ट्र पोलिसांत शिपाई झालेल्या मुलासाठीही हे दार कायमचं बंद झालेलं नसतं. कायद्याची पदवी असेल तर सीबीआयला सरकारी वकील लागतात आणि त्यांची निवड यूपीएससी करते. विज्ञानाची आवड असेल तर पुण्यात केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे आणि गोव्यात राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं केंद्र. प्रयोगशाळेतला माणूसही तपासच करत असतो, फक्त त्याचा साक्षीदार बाटलीत किंवा हार्ड डिस्कवर असतो.

हे सगळं ऐकल्यावर वयाचा हिशेब मांडावा लागतो, आणि इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. मुलं आधी एमपीएससीला तीन-चार वर्षं देतात, नाही झालं तर मग केंद्राकडे बघतात. तोवर पंचविशी उलटून गेलेली असते, सीपीओ आणि सीएपीएफची दारं मिटलेली असतात. क्रम उलटा हवा. ज्या दाराची वयोमर्यादा सर्वांत कमी, ते आधी ठोठवायचं: विशीत जीडी, पंचविशीच्या आत सीपीओ आणि सीएपीएफ, तिशीपर्यंत सीजीएल. खुल्या वर्गाला यूपीएससीची नागरी सेवा ३२ पर्यंत आहे. अभ्यास बराचसा सामायिक आहे, त्यामुळे एक दार ठोठावताना दुसऱ्याची तयारी आपोआप होत जाते.

याच्या खालोखाल नुकसान करतो तो जातीच्या दाखल्याचा घोळ. राज्याचं आरक्षण आणि केंद्राचं आरक्षण एकसारखं नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे गट राज्यात आहेत, केंद्राच्या भरतीत नाहीत. वंजारी, धनगर अशा जाती केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गीयांत येतात, पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर लागतं. राज्याचा भटक्या जमातीचा (एनटीचा) दाखला तिथं चालत नाही. कुणबी केंद्राच्या यादीत आहेत. मराठा समाजाला राज्यात मिळालेलं एसईबीसी आरक्षण केंद्रात लागू होत नाही, तिथं निकषांत बसत असेल तर आर्थिक दुर्बल घटकाचा (ईडब्ल्यूएसचा) दाखला काढावा. ईडब्ल्यूएसला वयाची सवलत नसते, आणि घरची शेती पाच एकर किंवा त्याहून जास्त असेल तर तो दाखला मिळत नाही. लेखी उत्तम झालेली मुलं कागदपत्र तपासणीत चुकीच्या नमुन्यामुळे बाहेर पडताना मी पाहिली आहेत. वर्षभराची मेहनत एका कागदासाठी वाया जाते, आणि त्या मुलाला काय सांगावं तेच सुचत नाही. जाहिरात निघण्याची वाट न पाहता दाखले आधी काढून ठेवा.

आत गेल्यावर काम काय असतं, याबद्दल कोचिंग क्लासच्या जाहिराती काहीच सांगत नाहीत. एक साधा सापळा घेऊ. एखादा केंद्रीय कर्मचारी लाच मागतो, तक्रारदार सीबीआयकडे येतो. लगेच कुणी पकडायला धावत नाही. आधी मागणी खरी आहे का याची पडताळणी होते. मग दोन स्वतंत्र पंच बोलावतात. तक्रारदारानं आणलेल्या नोटांचे क्रमांक लिहून घेतात आणि नोटांना फिनॉल्फ्थॅलीन नावाची पांढरी पूड लावतात. नोटेवर ती नुसती दिसत नाही, पण सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात गेली की गुलाबी होते. पंचांना आधी हे करून दाखवतात, त्याचा पंचनामा होतो. नोटा स्वीकारल्यावर त्या माणसाचे हात त्या पाण्यात बुडवतात, पाणी गुलाबी झालं की ते बाटलीत भरून सीलबंद करतात, पुन्हा पंचनामा. आपल्या राज्याच्या लाचलुचपत खात्याच्या सापळ्यांत अँथ्रासीन पूड वापरल्याचं अनेक निकालांत दिसतं. ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. तत्त्व तेच.

गुलाबी पाण्यानं खटला संपत नाही. आरोपीनं पैसे मागितले आणि मागणीपोटी घेतले, हे दोन्ही सिद्ध व्हावं लागतं. नोटा खिशात सापडणं एवढं पुरेसं नसतं. तक्रारदार उलटला किंवा वारला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं. पण तो ‘इतर पुरावा’ म्हणजे नवख्या सब-इन्स्पेक्टरनं त्या दिवशी नीट लिहिलेले कागद. सीबीआयमध्ये लाचेच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याच्या वरचा अधिकारी करतो, सब-इन्स्पेक्टर त्याच्या हाताखाली जबाब, जप्ती, बँकांचे उतारे, केस डायरी सांभाळतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. पळापळ थोडी आणि लिहिणं फार, असं हे काम आहे. ज्याला शांतपणे बसून पाचशे पानांच्या हिशेबातली एक चुकीची नोंद शोधायला आवडतं, तो इथं रमतो. बदली देशात कुठंही होऊ शकते, आणि घरच्यांनाही ते आधी सांगून ठेवावं.

या कामात मोह किती असतो, याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्यासाठीचं आरडीएक्स त्याच वर्षी फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं. त्याआधी जानेवारीत याच जिल्ह्यात रात्री पोलिसांनी रस्त्यात तस्करीचा माल नेणाऱ्या गाड्या अडवल्या होत्या, आणि पैशाच्या बोलीवर त्या पुढे सोडल्या. कस्टम्सचे काही अधिकारी आणि काही पोलीस या खटल्यात दोषी ठरले. विशेष न्यायालयाचे निकाल २००६-०७ मध्ये आले, सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ मध्ये. त्या रात्री नाक्यावर उभ्या असलेल्यांना वाटलं असेल, चांदी असेल, नेहमीचा माल असेल. अभ्यासिकेत मी हे दरवेळी सांगतो. मुलं गप्प होतात. त्यांच्यातल्या कुणाला तरी असंच एखाद्या नाक्यावर उभं राहायचं असतं.

आणखी एका कागदाबद्दल सांगायलाच हवं. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो. त्यात विचारतात, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का. गावात आंदोलनात, गणपतीच्या मिरवणुकीतल्या भांडणात, बांधाच्या वादात पोरांची नावं एफआयआरमध्ये येतात. पुढे तडजोड होते आणि सगळे विसरतात. फॉर्म भरताना कुणीतरी सांगतं, ‘लिहू नको, कशाला उगाच.’ हा सल्ला कधीही ऐकू नका. अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याचे नियम घालून दिले. खरं सांगितलं आणि गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणारा विचार करू शकतो. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असा हक्क नाही, पण जाणूनबुजून लपवलं तर तेवढ्यावरही निवड रद्द होऊ शकते. इतरांची खोटी उत्तरं शोधणं हे ज्याचं काम, त्याचं पहिलं उत्तर खरं असावं लागतं.

याच यंत्रणांच्या नावानं होणाऱ्या फसवणुकीबद्दलही इथंच सांगतो. पैसे घेऊन सीबीआयमध्ये लावतो म्हणणारा माणूस चोर आहे, कारण तशी जागाच अस्तित्वात नाही. आणि व्हिडिओ कॉलवरून ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय’ असं सांगणारा सीबीआय किंवा ईडीचा अधिकारी नसतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे नक्की सांगा.

त्या मुलीचं पुढे काय झालं? तिला तपासाचंच काम करायचं होतं, म्हणून सीजीएल ठरलं. पण वय चोवीस, म्हणजे सीपीओसाठी एकच वर्ष हातात. मी म्हटलं, तोही फॉर्म भर. ती म्हणाली, ‘सर, त्याला मुलींची उंची १५७ लागते, माझी १५६ आहे. मी आधीच बघून सोडून दिलंय.’

मी जाहिरात उघडली आणि उंचीचा तक्ता तिच्यापुढे ठेवला. गढवाल, कुमाऊँ, गुरखा, डोगरा यांच्या ओळीत ‘मराठा’ असाही शब्द आहे. त्या ओळीतल्या मुलींना १५५ चालते, मुलांना १७० ऐवजी १६५. त्यासाठी जाहिरातीच्या मागे दिलेल्या नमुन्यात आपल्या जिल्ह्यातल्या सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तिनं ती ओळ दोनदा वाचली, मोबाइलवर तिचा फोटो काढला. ‘पण सर, तहसीलमध्ये या नमुन्याला काय म्हणतात?’ मलाही त्यांच्या खिडकीवरचा शब्द माहीत नव्हता. म्हटलं, नमुन्याची प्रत काढून सोबत ने आणि तीच दाखव. सोमवारी ती वडिलांना घेऊन गेली. पहिल्या दिवशी साहेब नव्हते, बुधवारी परत जावं लागलं. रविवारी अभ्यासिकेत आली तेव्हा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, आणि तिच्या हातात इंग्रजी उताऱ्यांचं नवं पुस्तक.